धार ऐकणारी बाई

तुमच्या घरातलं मूल सकाळी ओल्या अंथरुणात सापडतं तेव्हा तुमचा हात आधी कुठे जातो? कपाळावर, की गालावर?

उत्तर मला देऊ नका. स्वतःला द्या, पण खरं द्या. हा प्रश्न माझा नाही. सोलापुरात आमच्या पेठेमागच्या म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात गौरव्वा नावाची नर्स होती, तिचा आहे. तिनं तो माझ्या आईला विचारला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि माझ्या गालावर चार बोटं उमटलेली होती. बाकड्यावर माझ्या शेजारी यादगिरी बसला होता. तोही नऊ वर्षांचा. त्याच्या गालावर काही नव्हतं. त्याची आई त्याला मारत नसे. आम्ही दोघं एकाच दुखण्यासाठी आलो होतो. मी आज हे लिहितो आहे. यादगिरी दहा वर्षांचा झाला नाही.

का झाला नाही, हे गौरव्वानं पुढे कुणापासून लपवलं नाही. मीही लपवणार नाही.

माझे वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे विणकामावर होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संपाची, सभेची, निषेधाची. लाल, पिवळ्या, निळ्या कागदांवरची. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली, आणि माणसं ओळखायलाही त्यांच्यावरच शिकलो. पत्रकात माणसं दोनच जातींची असतात : अन्याय करणारी आणि अन्याय सोसणारी. गौरव्वावर लिहायला मी आजवर तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा कागद फाडला, कारण ती या दोन्हींत बसत नाही.

ती उंच होती, हाडापेरानं रुंद. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. अक्कलकोटच्या बाजूची. घरी कानडी, दवाखान्यात मराठी, मागवाल्यांच्या बायकांशी मोडकंतोडकं तेलुगू, आणि रागावली की तिन्ही एकदम. मुलांना ती 'तम्मा' म्हणायची, कानडीत धाकटा भाऊ. डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. कमरेच्या चंचीत भाजलेले शेंगदाणे. तपासून झालं की प्रत्येक मुलाला पाच दाणे मिळत, चार नाही, सहा नाही. एकदा कुणीतरी आणखी मागितले तर म्हणाली, "पाच बोटं हायत तुला. सहावं दाखव, सहावा देते."

तिला लोक तोंडावर 'सिस्टर' म्हणत आणि माघारी 'मुताची मास्तरीण'. तिला दोन्ही ठाऊक होतं. कारण होतं तिचा डबा.

दवाखान्याच्या मागं गोणपाटाचा आडोसा होता. त्यात वनस्पती तुपाचा एक मोठा रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. रात्री अंथरूण ओलं करणारं मूल आलं की गौरव्वा त्याला तांब्याभर पाणी पाजायची, अंगणात खेळायला सोडायची, आणि त्याला लागली की आडोशाआड पाठवायची. स्वतः बाहेर स्टुलावर बसायची. मुलाकडे पाठ, डोळे मिटलेले, मनगट मांडीवर उताणं. आतून पत्र्यावर धार वाजू लागली की डोळे उघडून घड्याळाचा काटा बघायची. चारी बाजूंनी मागांची खटखट, गल्लीतल्या बायकांची भांडणं, लांब गिरणीचा भोंगा. या सगळ्यातून तिला तेवढी एक धार ऐकू यायची. धार लगेच सुरू झाली की थांबून थांबून, एकसारखी आहे की तुटकी, शेवटी थेंब थेंब किती वेळ पडतात, मूल कुंथतंय का. मग डबा एका मोजपात्रात ओतून किती झालं ते वहीत लिहायची. दवाखान्यातल्या दुसऱ्या नर्सा नाकाला पदर लावायच्या. ती म्हणायची, "दूध मोजताना नाक धरता का? हे बी त्याच पोराचं हाय."

आम्ही गेलो त्या दिवशी मात्र डबा नव्हता. ते पुढे येईलच.

आईनं सुरुवात केली, "लई आळशी हाय ओ सिस्टरबाई. समदं कळतंय त्याला. मुद्दाम करतंय."

तेव्हा गौरव्वानं तो प्रश्न विचारला. "सकाळी हात आदी कुटं जातो, तायी? कपाळावर का गालावर?"

"एवढं घोडं झालंय. कपाळावर कशाला जातोय?"

"ताप हाय का बघायला. गालावर हात ठिवून काय कळतं? तुजा हात किती जड हाय तेवढंच कळतं." मग जरा थांबून, "मुद्दाम करतंय म्हनतीस. तुजा मालक झोपेत घोरतो का न्हाय? मुद्दाम घोरतो व्हय?"

यादगिरी हसला. तो हसला की त्याचे खालचे दोन वाकडे दात दिसायचे. आई हसली नाही, पण तिनं पदर सारखा केला. हरल्यावर ती पदर सारखा करायची.

मग गौरव्वानं आयांना बाहेर बसवलं. तिचा हा नियम होता. आईसमोर मूल खरं सांगत नाही, आणि मुलासमोर आई खरं सांगत नाही. मुलाला ती 'तू मुततोस का' असं कधी विचारत नसे. ती विचारायची, "अंथरूण कंदी भिजतं? रोज, का मदी मदी?" म्हणजे गुन्हा अंथरुणाचा झाला, आपला नाही. दिवसा चड्डी ओली होते का, जळजळतं का, तहान किती लागते, परसाकडं रोज होते का. पोट दाबून बघायची. चंचीतून संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतला एक लाल फुगा काढायची, त्यात पाणी भरायची आणि तोंड दोन बोटांत धरून म्हणायची, "ह्यी पिशवी तुज्या पोटात हाय, तम्मा. आन् ह्यी माजी दोन बोटं म्हंजे तुजं दार. रात्री तू झोपतोस, तवा दाराला बी झोप लागती. त्यात तुजा काय गुन्हा? आपण फक्त पिशवी केवढी हाय आन् दार कसं उगडतं, तेवढं बगू."

मला त्या वेळेपर्यंत घरात, शाळेत, गल्लीत 'मुतऱ्या' म्हणत. माझ्या पोटात पिशवी आहे आणि तिला दार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी येऊन पोटावर हात ठेवून बराच वेळ पडून राहिलो.

तिच्या तपासणीचा दुसरा भाग घरी चालायचा. ती आईच्या हाती रुंद तोंडाची एक काचेची बरणी द्यायची. मिक्श्चरच्या बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवतात तशी पट्टी त्या बरणीला चिकटवलेली. तीन दिवस मुलाला जेव्हा जेव्हा लागेल तेव्हा बरणीत करायला लावायचं. आमच्या आयांना लिहिता येत नव्हतं. म्हणून कोळसा घ्यायचा आणि भिंतीवर रेघ मारायची. पट्टीवरच्या मधल्या खुणेच्या वर गेलं तर लांब रेघ, खाली राहिलं तर आखूड. रात्री अंथरूण भिजलं तर एक गोल. चौथ्या दिवशी गौरव्वा घरी येऊन भिंत वाचायची.

आमच्या गल्लीत ज्या घरात शिरावं तिथं चुलीशेजारी अशा रेघा दिसत. माझे वडील माझी भिंत बघून म्हणाले, "गिरणीत आमची हजेरी मांडत्यात, हितं ह्याची मांडली."

भिंत तिच्याशी बोलायची. शकू म्हणून आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील रेल्वेत, कुर्डुवाडीहून बदलून आलेले. शकूच्या भिंतीवर सकाळी एक रेघ, मग काहीच नाही, आणि संध्याकाळी एक हातभर लांब रेघ. गौरव्वानं विचारलं, "मदी भिंत कोरी का?" शकूची आई म्हणाली, "मदी ती शाळेत असती की." झालं. दुसऱ्या दिवशी गौरव्वा आमच्या शाळेत. हेडमास्तर वहीत डोकं घालून बसले होते.

"गुरुजी, पोरींनी हितं कुटं जायचं?"

"मुली घरून करून येतात, सिस्टर."

"आन् तुमी?"

गुरुजींनी वहीचं पान उलटलं. त्यांच्यासाठी आणि मास्तरांसाठी मागं पत्र्याची मोरी होती, ती सगळ्या शाळेला ठाऊक होती.

"धा ते पाच ती पोरगी दम धरून बसती. सात तास. तुमी धरून दावा बगू. म्या हितंच बसते."

खरंच बसली. खुर्ची ओढून, चंचीतले दाणे सोलत. वर्गांच्या दारांत आम्ही सगळे गोळा झालो. दीडेक तासानं गुरुजी उठले तेव्हा तिनं नुसतं घड्याळाकडे बघितलं. आठवड्याच्या आत शाळेमागं मुलींसाठी गोणपाटाचा आडोसा आणि माठ आला. शकूची भिंत महिन्याभरात भरली.

ही गोष्ट मी सभांमध्ये सांगतो तेव्हा टाळ्या पडतात. पुढची मी आजवर कुठं सांगितली नाही.

दवाखान्यात नवे मोठे डॉक्टर आले होते. तरुण, चांगले, हुशार. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दवाखाना धुऊन काढला, आणि मागचा तो डबा बघून म्हणाले, "सिस्टर, हे काय आहे? हा दवाखाना आहे. हे बंद." शिपायानं डबा उचलून कोठीत टाकला. आयुष्यात कुणाचं न ऐकणारी गौरव्वा त्या वेळी गप्प बसली. का बसली, ते मला माहीत नाही. दुसऱ्या नर्सा हसल्या असतील. पेन्शन अजून हाती यायची होती. किंवा एका दमलेल्या बाईला एकदा भांडावंसं वाटलं नाही, एवढंच असेल. नेमके त्याच दिवसांत मी आणि यादगिरी बाकड्यावर बसलो होतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

त्यामुळे आम्हा दोघांना आडोशाआड कुणी पाठवलं नाही. बरण्या मिळाल्या. तीन दिवस आमच्या आया कोळसे घेऊन बसल्या.

माझी भिंत वाचायला गौरव्वाला थोडाच वेळ लागला. सगळ्या रेघा आखूड. आई मला चारनंतर पाण्याचा थेंब देत नसे, आणि शाळेत मी खेळाच्या नादात पाणी प्यायला जात नसे. "पानी तोडू नको. सकाळी, दुपारी पोटभर पाज. लागलं की लगीच जाऊ दे. झोपायच्या आदी एकदा. आन् हात कपाळावर. वाढंल तसं सुटंल," ती म्हणाली. सुटायला वर्षाच्या वर लागलं. पण सुटलं.

मग ती यादगिरीच्या घरी गेली. मी पाठोपाठ होतोच. त्यांच्या पुढच्या खोलीत चादरीचा माग, बाप मागावर. आई नागमणी, लहानखुरी, मऊ बोलणारी. तिनं भिंत दाखवली आणि बाजूला उभी राहिली. तीन दिवसांच्या रेघा, मोजक्या, सगळ्या लांब. एकसारख्या, ताण्यावरच्या दोऱ्यांसारख्या सरळ. मी इतकी देखणी भिंत दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिली नाही.

गौरव्वा भिंतीसमोर जरा जास्त वेळ उभी राहिली. मग विचारलं, "धार कशी हाय ग?"

"चांगली, सिस्टर. चांगली," नागमणी म्हणाली.

यादगिरी खाली बघत होता.

"पिशवी झ्याक हाय ह्येची," गौरव्वा म्हणाली. "काळजी नको. सुटंल." आणि त्याला पाच दाणे दिले. त्यातले दोन त्यानं मला दिले.

थंडी सुरू झाली तसा तो वर्गात झोपू लागला. सकाळी त्याचे डोळे सुजलेले असत. आम्हाला वाटे, रडून आलाय. भाकरी नको म्हणायचा, पाणी मात्र सारखं प्यायचा. अंग खाजवायचा. रंग मातकट झाला. एक दिवस ओकला आणि उठलाच नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जन्मापासून लघवीच्या वाटेत पडदा होता. पाणी मागं तुंबून तुंबून दोन्ही मूत्रपिंडं गेली. वर्षभर आधी कळलं असतं तर पुण्या-मुंबईला काहीतरी करता आलं असतं, कदाचित. 'कदाचित' हा शब्द यादगिरीच्या बापानं घरी येऊन सगळ्यांना सांगितला. त्याला त्याचा अर्थ नीट कळला नव्हता. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता.

गड्ड्याची जत्रा भरायला आठवडा होता तेव्हा यादगिरी गेला.

नागमणी दवाखान्यात आली ती पंधरवड्यानं. मी आईबरोबर तिथं होतो. ती रांगेत उभी राहिली, इतरांसारखी, नंबर आल्यावर पुढं आली. हातात ती बरणी, घासून लखलखीत केलेली. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "सिस्टर, मी लांब मारलं. सगळं लांब मारलं."

गौरव्वानं वही मिटली.

"थोडंथोडंच यायचं त्याला. थेंब. थेंबाची रेघ काय मारायची म्हणून सोडून दिलं. बाकीचं लांब मारलं. शाळेत तो नापास होता, सिस्टर. गल्लीत नापास होता. मला वाटलं, तुमच्या वहीत तरी पास व्हावा."

रांगेतल्या बायका खाली बघू लागल्या. त्यांच्यातल्या किती जणींनी आपापल्या भिंतीवर अर्धी बोटभर रेघ वाढवली असेल, देव जाणे. माझ्या आईनं पदर सारखा केला.

गौरव्वा उठली. तिनं नागमणीला आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसली. पांढऱ्या लुगड्यानिशी, दवाखान्याच्या फरशीवर. म्हणाली, "रेघ तू मारलीस, यवा. पर वाचली म्या. आई पोराला पास करनारच, तिचं कामच हाय त्ये. ऐकायचं काम माजं होतं. म्या ऐकलं न्हाय."

नागमणी मान हलवत राहिली. तिला ते पटलं नाही. ते तिला कधीच पटलं नाही.

त्यानंतर गौरव्वा शिपायाकडे गेली, कोठीची किल्ली घेतली, डबा बाहेर काढला. मोठे डॉक्टर दारात उभे होते. ती त्यांच्या समोरून डबा घेऊन गेली आणि आडोशाआड ठेवून आली. ते दारातून बाजूला झाले, आणि डबा पुन्हा कधी हलला नाही.

त्या रविवारी माझे वडील मला घेऊन तिच्याकडे गेले. डॉक्टरच्या विरोधात पत्रक काढायचं होतं. मजकूर तयार होता, लाल कागदही आणला होता. तिनं पत्रक वाचून घेतलं आणि घडी घालून परत दिलं. "साहेबानं डबा काडला, दादा. माजं कान काडलं न्हवतं. गटारीवर उभं केलं असतं तरी ऐकू आलं असतं."

मग मला जवळ बोलावलं. "तम्मा, तू आन् यादगिरी संगंच जायचा न्हवं, गटारीवर?"

"व्हय."

"मग? कसा करायचा त्यो?"

आम्हा पोरांची पैज असायची, गटारीपलीकडे कुणाची जाते. यादगिरी पैजेत कधी आला नाही. तो लिंबाच्या झाडामागं जायचा आणि इतका वेळ उभा राहायचा की आमचा खेळ सुरू व्हायचा. आम्ही त्याचं नाव 'गळका नळ' ठेवलं होतं. हे सगळं मी तिला सांगितलं. तो कुंथायचा हे सांगितलं. आम्ही हसायचो हेही सांगितलं.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी विचारलं न्हाय."

ती रागावली नाही. चंचीतून तो लाल फुगा काढला, पाणी भरलं. तोंड करकचून आवळलं आणि वरून तळवा दाबला. फुग्यातल्या पाण्याला पुढं यायला वाट नव्हती. ते मागं सरकलं आणि फुगा बोटांच्या मागं फुगत गेला, पातळ होत होत, आरपार दिसेपर्यंत. "असं झालं त्येचं," ती म्हणाली. मला पाच दाणे दिले. मी ते खाल्ले नाहीत. घरी नेऊन लिंबाखाली पुरले, त्याला काय अर्थ होता ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्या दिवसापासून तिच्या वहीत एक प्रश्न वाढला. मुलाला विचारून झालं, आईला विचारून झालं, भिंत वाचून झाली, डबा ऐकून झाला, की ती गल्लीत जाऊन त्याच्या दोस्ताला विचारायची. पोरांशी पोरांसारखी उकिडवी बसून. आम्हा गल्लीतल्या पोरांना एकाएकी फार महत्त्व आलं.

नागमणीनं पुढच्या दिवाळीला घर रंगवलं. चुन्याचा पोचारा सगळीकडे फिरला. चुलीशेजारची हातभर भिंत तेवढी सोडली. ती आजही तशीच आहे. गौरव्वा कुणाच्या घरी बरणी द्यायला निघाली की नागमणी बरोबर जाऊ लागली. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. नव्या आईच्या हाती कोळसा देताना ती म्हणायची, "थेंबाची पण रेघ मार, अक्का. खरी मार. लांब मारू नको. मी लांब मारलं होतं." आणि जिला खोटं वाटेल तिला आपल्या घरी नेऊन भिंत दाखवायची. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मोठमोठ्या व्यासपीठांवरून धैर्याविषयी पुष्कळ ऐकलं. असं धैर्य तिथं पाहिलं नाही.

मी अठराचा झालो आणि पहिलं पत्रक लिहिलं. विषय हाच, उदाहरण गौरव्वाचं. मथळा होता, 'मारकुट्या आईबापांनो, लाज धरा'. छापण्याआधी गौरव्वाला दाखवायला गेलो. तिची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. तिला ऐकू कमी येऊ लागलं होतं. मला मोठ्यानं वाचावं लागलं. माझा आवाज सभेला शोभेल असा चढला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ह्ये कुनाला वाटनार?"

"आईबापांना."

"लाज धरा म्हनतोस. लाज हाय म्हनून तर ती लांब रेघा मारत्यात." तिनं मथळ्यावर बोट ठेवलं. "ह्ये खोड. शिवी दिलीस की खरं सांगनार न्हाईत. नागमणीला कुनी शिवी दिली न्हवती, नुसती भीती होती, तरी तिनं काय केलं बगितलंस न्हवं?"

मला राग आला. तरुण लेखकाला त्याचा मथळा खोडलेला सहन होत नाही. मी तो कागद फाडला. फाडलेल्या तीनांतला तो पहिला.

शेवटचं तिला पाहिलं ते तिच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. कागद फाडल्याचं सांगायला, खरं तर माफी मागायला, दवाखान्याच्या मागं गेलो. सकाळची वेळ. माग चालू होते. गोणपाटाच्या आडोशाआड कुणीतरी पाच-सहा वर्षांचा पोरगा उभा होता; त्याचे पाय तेवढे खालून दिसत होते, आणि त्यांच्यामागं नागमणीचे. गौरव्वा स्टुलावर नव्हती. ती जमिनीवर बसली होती, आडोशाला पाठ लावून, आणि गोणपाटाखालून एक हात आत घालून तिनं तळवा डब्याच्या पत्र्यावर ठेवला होता. डोळे मिटलेले. दुसऱ्या मनगटावर घड्याळ.

मी तिथंच थांबलो. मागांच्या खटखटीतून पत्र्यावरची धार मला स्वच्छ ऐकू येत होती, एकसारखी, जोरकस. तिला ती ऐकू येत नव्हती. ती हातानं ऐकत होती.

माझी सावली पडली तसे तिनं डोळे उघडले. "तम्मा," ती म्हणाली, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, "मला हाताला चांगली लागतीय. तुला कशी ऐकू येती? खरं सांग."

"चांगली आहे," मी म्हणालो. तिला कळलं नाही. मी जवळ गेलो, तिच्यासमोर बसलो आणि मान हलवली.

"लांब मारू नको हां," ती म्हणाली.

मी पुन्हा ऐकलं. शेवटच्या थेंबापर्यंत ऐकलं. मग पुन्हा मान हलवली. तेव्हा कुठं तिनं पत्र्यावरचा हात काढला.

पुढे ती अक्कलकोटकडे भावाच्या गावी गेली, आणि ती वारल्याचं मला आठवड्यानं कळलं. नागमणी रडली नाही. तिनं चुलीतला एक कोळसा घेतला, भिंतीपाशी गेली, आणि काही न करता परत आली.

म्हणून आता मागणी. घरात ओलं अंथरूण निघालं तर उद्या सकाळी हात कपाळावर ठेवा. तीन दिवस मोजा, आणि थेंबाचीही रेघ मारा. मुलाला पत्र्याच्या डब्यापाशी उभं करा, पाठ फिरवून बसा, आणि ऐका. धार तुटकी असेल, बारीक असेल, मूल कुंथत असेल, दिवसाही ओलं राहत असेल, तहान भागत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि जे ऐकलंत ते जसंच्या तसं सांगा. आणि डॉक्टरकडे निघण्याआधी गल्लीत जाऊन त्याच्या दोस्ताला विचारा. त्याला ठाऊक असतं. त्याला कुणी विचारत नाही.